ती बोट नाथसागरातली नाही

'नाथसागरात गाड्या नेणारी बोट सुरू, पण ड्रायव्हर ती रिव्हर्समध्येच परत आणतो, जपून!' अशा मजकुराचा व्हिडिओ पैठण-गंगापूरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. मागचे उंच डोंगर पाहिले असते तरी कळलं असतं. असे डोंगर जायकवाडीच्या काठाला कुठले?

ही नॉर्वेतली 'अँपिअर' फेरीबोट. २०१५ पासून सोग्ने फ्योर्डवर (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची खाडी) लाविक ते ओपेडाल अशी धावू लागलेली, पूर्ण बॅटरीवर चालणारी जगातली पहिली कार-फेरी. लांबी ८० मीटर, एका खेपेत सुमारे १२० गाड्या, पलीकडे पोचायला वीसेक मिनिटं.

आता 'रिव्हर्स'चं. या बोटीला पुढची-मागची बाजूच नाही. दोन्ही टोकं सारखी, दोन्हीकडे रॅम्प, त्यामुळे परतताना वळावं लागत नाही. गाडी एका टोकानं चढते, सरळ दुसऱ्या टोकानं उतरते. घाईच्या मार्गावर वेळ वाचतो तो इथेच. म्हणजे ड्रायव्हर बिचारा निर्दोष!

खरी गंमत चार्जिंगची. काठावरच्या गावांची वीजवाहिनी तेवढा भार एकदम पेलू शकत नव्हती, म्हणून दोन्ही धक्क्यांवर वेगळ्या बॅटऱ्या बसवल्या. त्या सावकाश भरतात आणि बोट लागली की दहाएक मिनिटांत तिला वीज देतात. लोडशेडिंग भोगलेल्यांना हे लगेच समजेल.