अंक आनंदी निघाला पाहिजे

आपण ज्येष्ठांसाठीचं निवासी संकुल चालवता आणि दर महिन्याला त्याचं वार्तापत्रही काढता, हे ऐकून बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसांना चाळायला हातात काहीतरी लागतंच. मी आयुष्यभर वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसून दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त केल्या आणि आता अशाच एका संकुलात राहतो. त्यामुळे चार युक्तीच्या गोष्टी सांगायचा अधिकार मला आहे असं मी धरून चालतो. आमच्याकडचा ताजा अंक समोर ठेवूनच लिहितोय. आदर्श म्हणून तो पुरेसा आहे.

आधी नाव. त्यात संध्या, सांज, सोनेरी यांपैकी काहीतरी हवंच. मावळतीची आठवण मथळ्यातून सतत होत राहिली पाहिजे. कोणी मावळल्याची बातमी मात्र आतल्या कुठल्याही पानावर नको. त्याकडे पुढे येतो.

टाइप नऊ पॉइंटाचा घ्या. अक्षर फिकट राखाडी, त्याच्या मागे धूसर गुलाबी फुलं, आणि कागद इतका गुळगुळीत की दिव्याखाली धरला तर अर्धं पान नुसतं चमकतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. बाहुली आखडते, भिंग पिवळं पडत जातं, आणि ऐंशीपर्यंत उजेड आणखी घटतो. डोळ्यांचा कुठलाही डॉक्टर हे सांगेल. पण तुमचा डिझायनर पंचवीस वर्षांचा आहे आणि त्याला अंक सुंदर दिसतो, मग प्रश्न मिटला. कोणी कुरकुर केलीच तर 'पीडीएफ मोबाइलवर मोठी करून वाचा ना' म्हणायचं. काळी शाई, बिनचकाकीचा कागद आणि सोळा पॉइंटाचं अक्षर वापरलं तर लोक खरंच वाचायला लागतील, आणि मग प्रश्न विचारतील.

फोटो विकतचे लावा. पांढरे केस, सगळे दात शाबूत, हातात टेनिसची रॅकेट. ही कला जुनी आहे. १ जानेवारी १९६० ला अमेरिकेतल्या ॲरिझोनात सन सिटी नावाची निवृत्तांची वसाहत विक्रीला खुली झाली, तेव्हाच बिल्डरने ओळखलं होतं की म्हातारपण कोणी विकत घेत नाही, गोल्फचं मैदान घेतात. तिथे मैदान निदान खरं होतं. आमच्या मुखपृष्ठावरचा पोहण्याचा तलाव कुठल्या संकुलातला आहे हे आम्ही सगळे मिळून शोधतोय.

सूचनापेटी जरूर ठेवा. किल्ली हरवलेली असली तरी चालेल.

बातमी लिहिण्याची शैली हा स्वतंत्र विषय आहे. आमच्याकडे काहीच बिघडत नाही, सगळ्याचं 'अद्ययावतीकरण' होतं. लिफ्ट बंद पडली तेव्हा छापून आलं, 'रहिवाशांना अधिक सुखद अनुभव देण्यासाठी लिफ्टच्या अद्ययावतीकरणाचं काम हाती घेण्यात आलं आहे.' कोण हाती घेणार, कधी संपणार, तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या व्हीलचेअरने काय करायचं, यातलं काही नाही. डेस्कवर एखाद्या नवख्या पोराने अशी कॉपी दिली असती तर मी ती त्याच्याच हातात परत ठेवली असती. आठवड्यातून तीनदा येणारे डॉक्टर एकदाच येऊ लागले त्याचा मथळा होता, 'वैद्यकीय सेवेचं सुसूत्रीकरण'. मासिक शुल्क वाढलं, ते 'सेवा अधिक सक्षम'. वाढलेला आकडा मात्र अंकात नव्हता, तो थेट बिलात आला.

कोणी पडलं तर तेही छापू नका. जेवणाच्या हॉलमधून बाहेर पडताना एक पायरी आहे. पायरीची फरशी आणि खालची फरशी एकाच रंगाची, त्यामुळे कड दिसत नाही. तिथे एक बाई पडल्या, मनगट मोडलं. अंकात चकार शब्द नाही. मग त्याच पायरीवर एक गृहस्थ आपटले, त्यांचं खुब्याचं हाड गेलं. त्या अंकात 'चला, चालूया' हा लेख होता, सकाळच्या फेरीचे फायदे सांगणारा. जगात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात आणि त्यांत सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्यांचं असतं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवायला अर्धा तास लागतो. 'हॉलच्या दाराशी पायरी आहे, जपा' एवढी बातमी द्यायला दोन ओळी लागतात. पण त्याने अंकाचा मूड जातो.

१ ऑक्टोबरला आमचा सत्कार करा. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली हा दिवस ज्येष्ठांच्या नावे ठरवून दिला, १९९१ पासून तो पाळला जातो. पाहुणे बोलतील. आम्ही टाळ्या वाजवू.

माइकवर बोलताना ओरडा. म्हातारा म्हणजे बहिरा, आणि बहिरा म्हणजे बावळट, हे समीकरण पक्कं ठेवा. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, श, फ असली व्यंजनं. ओरडल्याने स्वर तेवढे फुगतात, व्यंजनं जिथल्या तिथे राहतात. त्यापेक्षा उजेडात उभं राहून, तोंड समोर ठेवून, जरा सावकाश बोललं की कळतं. पण सावकाश बोलायला सांगितलं की तुमची माणसं लाडात येतात. 'आजोबा, आज आपण शहाण्यासारखी गोळी घेतली ना?' मी घेतली. तुम्ही नाही घेतलीत. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांशीसुद्धा असं बोबडं बोललं की ती अंघोळीला, कपडे बदलायला जास्त विरोध करतात, हे नर्सिंगच्या अभ्यासात दिसून आलंय. ज्याला आपलं नाव आठवत नाही त्यालाही अपमान कळतो.

रहिवाशांची समिती नेमा आणि तिला पडद्यांचा रंग निवडायला द्या. आमच्या समितीने निवडला होता. लागले ते वेगळ्याच रंगाचे, कारण ऑर्डर आधीच गेली होती. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या एका वृद्धाश्रमात साधा प्रयोग केला. एका मजल्यावरच्यांना सांगितलं, तुमचं तुम्ही ठरवा. हवं ते रोपटं घ्या, पाणी तुम्हीच घाला, सिनेमा गुरुवारी बघायचा की शुक्रवारी तेही तुम्हीच बघा. दुसऱ्या मजल्यावर रोपटं आयतं हातात दिलं, पाणी नर्स घालणार, सिनेमाचा दिवस ऑफिस कळवणार. काही आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि हिंडतीफिरती झाली. दीड वर्षानंतरही फरक टिकून होता. माणसं मोजकी होती, त्यामुळे मी त्यावर फार इमले बांधत नाही. पण एका रोपट्याची गोष्ट आहे हो. आमच्याकडे बाल्कनीत कुंडी ठेवायला ऑफिसची लेखी परवानगी लागते.

हे सगळं जमलं की मुख्य कौशल्याकडे या.

मृत्यू छापायचा नाही. संकुलात कोणी मरत नाही, युनिट उपलब्ध होतं.

आमच्या मजल्यावर एक गृहस्थ होते. संध्याकाळी आमचा बुद्धिबळाचा एक डाव ठरलेला. कोणीही जिंको, पट आवरणार तेच, प्याद्यांपासून सुरुवात करून. एका रात्री त्यांना ॲम्ब्युलन्समधून नेलं. मागच्या दाराने, कारण पुढच्या दारातून दुसऱ्या दिवशी नवीन ग्राहक संकुल बघायला येणार होते. सकाळी ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, 'मुलाकडे गेलेत, विश्रांतीला.' नंतर विचारलं तरी तेच, त्याच हसऱ्या चेहऱ्याने. मग अंक आला. पहिल्या पानावर तंबोला, आत सहलीची छायाचित्रं, आणि शेवटच्या पानावर खाली उजवीकडे चौकट: शांत मजला, प्रशस्त बाल्कनी, भरपूर उजेड, ताबा तत्काळ. बरोबर खोलीचा फोटो. फोटोत दाराच्या चौकटीला एक काठी टेकवलेली. मुठीला निळी चिकटपट्टी, खालचं रबर एका बाजूने झिजलेलं. ती पट्टी मी गुंडाळून दिली होती. फोटो काढणाऱ्याने पलंगावरची चादर नीट ओढून घेतली होती, काठी बाजूला करायचं मात्र त्याला सुचलं नाही.

म्हणजे मित्राची निधनवार्ता मला जाहिरातीत वाचावी लागली. हातातून शेकडो निधनवार्ता गेल्या. उशिरा आलेल्या, नाव चुकलेल्या, वय चुकलेल्या, एकदा तर जिवंत माणसाचीही, तिचा खुलासा दुसऱ्या दिवशी त्याच पानावर छापला होता. 'ताबा तत्काळ' असा मथळा असलेली पहिल्यांदाच पाहिली.

ऑफिसात गेलो. मॅनेजरसाहेब शांतपणे म्हणाले, 'सर, इतर रहिवाशांच्या मनावर परिणाम होतो. आपल्याला पॉझिटिव्ह वातावरण ठेवायचंय.'

कोणाच्या मनावर, मॅनेजरसाहेब? इथे राहणाऱ्या प्रत्येकाने आईबाप पोचवलेत. निम्म्यांनी नवरा नाहीतर बायको पोचवली. दोघं-तिघं असे आहेत की ज्यांनी पोटचं पोर पोचवलं आणि मग इथे आले. आणि मरण या माणसांना झेपणार नाही हे ठरवणार तुम्ही, ज्यांचे आजोबासुद्धा अजून हिंडताफिरताना दिसतात?

तुम्ही बातमी दाबलीत म्हणून ती दबून राहत नाही, सडते. कोणाचं दार दोन दिवस बंद दिसलं की आम्ही काय करतो माहीत आहे? बाहेरचा पेपर उचलला गेलाय का बघतो. चपला बघतो. जेवणाच्या हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवतो आणि कोणी बोलत नाही. मध्ये एक बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे गेल्या. 'कुठे आहेत?' विचारलं तर ऑफिसने त्याच हसऱ्या चेहऱ्याने सांगितलं, 'मुलीकडे, विश्रांतीला.' झालं. त्यांच्या टेबलावरच्या दोघी आठवडाभर धड जेवल्या नाहीत. बाई काळा चश्मा लावून परत आल्या तेव्हा त्या दोघी त्यांच्या गळ्यात पडून रडल्या, आणि बाईंना कळेना की मोतीबिंदूत एवढं रडण्यासारखं काय आहे. हे तुमचं पॉझिटिव्ह वातावरण. खरं बोलायची सोय तुम्ही घालवलीत, त्यामुळे आता खरं बोललात तरी कोणी विश्वास ठेवत नाही.

बुद्धिबळाच्या मित्राच्या मुलाला मी स्वतः फोन केला. तो गप्प राहिला, मग म्हणाला, 'काका, मला वाटलं ऑफिसने तुम्हाला कळवलं असेल. बाबा तुमचं नाव रोज घ्यायचे. अंत्यदर्शनाला तुमच्यापैकी कोणीच कसं आलं नाही, याचं आम्हाला वाईट वाटलं होतं.' ऐकताय ना? त्या घरच्यांनी इतके दिवस असं धरलं होतं की आम्ही आलो नाही. हा डाग तुम्ही आमच्या माथी लावलात, आणि कशासाठी, तर बघायला येणाऱ्या ग्राहकाच्या डोळ्यांना ॲम्ब्युलन्स दिसू नये म्हणून.

खाजगी बाबी असतात, हे मला शिकवू नका. आजार छापू नका. शेवटचे दिवस कसे गेले ते छापू नका. घरच्यांना आधी विचारा, ते नको म्हणाले तर अजिबात छापू नका, पण मग आम्हाला तसं सांगा की घरच्यांची इच्छा नाही. आम्ही समजून घेऊ, तेवढी अक्कल आम्हाला आहे. या वेळी तुम्ही घरच्यांना विचारलंच नव्हतं. मी विचारलंय. मुलाची हरकत नाही.

आणि 'रहिवासी', 'सदस्य', 'आमचे लाडके ज्येष्ठ' हे सगळं बंद करा. आम्ही पैसे भरून इथे घरं घेतलीत. पडायच्या जागा, बंद लिफ्ट, वाढलेलं शुल्क आणि गेलेली माणसं, या आमच्या बातम्या आहेत. तुम्हाला जे छापायचंय ते माहितीपत्रक आहे, ते ग्राहकांना वाटा, आमच्या दाराखालून सरकवू नका.

पुढचा अंक छपाईला जाण्याआधी पहिल्या पानावर, वरच्या अर्ध्यात, सहा ओळींची जागा सोडा. मजकूर मी ऑफिसात आणून दिलाय: नाव, वय, काय काम करायचे, किती वर्षं इथे राहिले, आणि शोकसभा रविवारी संध्याकाळी पाच वाजता हॉलमध्ये. टाइप सोळा पॉइंट, काळा. काठी ऑफिसच्या मागच्या खोलीत टाकून ठेवलीय असं कळलं, ती मुलाकडे पोचती करा. आणि मुद्रितं माझ्याकडे पाठवायची. मी वाचून सही केल्याशिवाय अंक सोडायचा नाही.