'फुकट' व्हिडिओचं बिल कोणाच्या नावावर फाटतं?

पॉर्नबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारे बोललं जातं. एक तर संस्कृती बुडाली म्हणून, नाहीतर कट्ट्यावर डोळे मिचकावत. त्यातल्या पैशाबद्दल कोणी बोलत नाही. मी बीकॉमच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते, मूल्यभेद (एकाच मालाला माणूस बघून वेगळी किंमत) आणि सीमांत खर्च (आणखी एक नग काढायला येणारा खर्च) हे माझे रोजचे विषय. त्यामुळे हे मला बोलायचंच आहे. ज्यांना अवघडल्यासारखं होईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

नाशकात एक काळ असा होता की मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड 'भरून' मिळायचं. गाणी, एखादा पिक्चर, आणि दुकानदाराने आवाज खाली आणून विचारलेलं 'ते पण टाकू का?' त्या 'ते पण'ला वेगळे पैसे पडायचे. म्हणजे त्या मालाला तेव्हा किंमत होती. जगात मात्र ती आधीच कोसळायला लागली होती. 2006-07 मध्ये यूपॉर्न, पॉर्नहब, एक्सव्हिडिओज अशा फुकट साइट आल्या, लोकांनी दुसऱ्यांचे व्हिडिओ तिथे उचलून टाकले आणि डीव्हीडी विकणाऱ्या कंपन्या बघता बघता आडव्या झाल्या. आपल्याकडे सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा मातीमोल झाला आणि कार्ड भरून घ्यायची गरजच संपली.

पुस्तकात याचं उत्तर सोपं आहे. व्हिडिओची एक प्रत आणखी काढायला खर्च जवळपास शून्य, म्हणून किंमतही शून्याकडे जाते. मग हा धंदा टिकला कसा? तर त्याने विकायची वस्तूच बदलली.

ओन्लीफॅन्स ही साइट, जिथे खातेदार स्वतःचे फोटो-व्हिडिओ थेट ग्राहकाला विकतात, 2016 मध्ये लंडनमध्ये सुरू झाली. तिथे पैसे घेऊन सभासद करायचे तर महिन्याला कमीत कमी 4.99 डॉलर आणि जास्तीत जास्त 49.99. फुकट खातंही ठेवता येतं. पण खरी कमाई या वर्गणीत नसते. आत गेलं की मेसेजमधून वेगळे पैसे लावून पाठवलेले व्हिडिओ, टिप, खास मागणीवरून बनवून दिलेलं काहीतरी. दार स्वस्त आणि आतली प्रत्येक खोली महाग. ज्याची जितकी ऐपत, किंवा खरं सांगायचं तर जितका एकटेपणा, तितकं त्याच्याकडून काढायचं. 'आज जेवलास का?' असं विचारणाऱ्या मेसेजसाठी लोक पैसे मोजतात, आणि तो मेसेज अनेकदा पगारावर बसवलेला तिसराच माणूस टाईप करत असतो. मूल्यभेदाचं इतकं क्रूर उदाहरण मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही.

आता हिशोब बघा. 2023 या आर्थिक वर्षात ग्राहकांनी तिथे सुमारे 660 कोटी डॉलर खर्च केले. कंपनी 20 टक्के कापते, 80 टक्के खातेदाराला. खाती 41 लाख. भागाकार केला तर सरासरी वर्षाला 1,300 डॉलरच्या आसपास, महिन्याला शंभरच्या जरा वर. ही झाली सरासरी. मूठभर लोक प्रचंड कमावतात, म्हणजे बहुतेकींच्या हातात याहून खूप कमी पडतं. त्याच वर्षी कंपनीच्या एकट्या मालकाला 47 कोटी डॉलरहून जास्त लाभांश मिळाला.

लासलगावचा कांदा बघत वाढलेल्या माणसाला अडत समजावून सांगावी लागत नाही. पण कांदा विकला की गेला, शेतकरी त्यातून मोकळा होतो. व्हिडिओ विकणारी बाई कधीच मोकळी होत नाही. किंमत एकदाच मिळते आणि खर्च आयुष्यभर चालू राहतो: लग्नाच्या वेळी, नोकरीच्या वेळी, पोरं शाळेत जायला लागल्यावर. हा खर्च 4.99 मध्ये कुठेच धरलेला नाही.

तरीही पैसे देऊन बघणं हे फुकट बघण्यापेक्षा बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण जिथे पैसे फिरतात तिथे कोणाला तरी नाव विचारता येतं. डिसेंबर 2020 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये पॉर्नहबवरच्या अल्पवयीन मुलींच्या आणि बलात्काराच्या व्हिडिओंबद्दल लेख आला. व्हिसा आणि मास्टरकार्डने लगेच तिथली पेमेंट बंद केली, आणि ज्यांच्या अपलोड करणाऱ्याची ओळख पटलेली नव्हती असे लाखो व्हिडिओ कंपनीने काही दिवसांत उतरवले. ज्या मुली वर्षानुवर्षं विनवत होत्या त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं. गल्ल्यावर हात पडल्यावर सगळं सुचलं. याची दुसरी बाजूही आहे. ऑगस्ट 2021 मध्ये बँकांच्या दबावाखाली ओन्लीफॅन्सने उघड लैंगिक मजकूर बंद करायची घोषणा केली, आठवड्याभरात मागेही घेतली. त्या आठवड्यात स्वतःच्या मर्जीने हे काम करणाऱ्या बायकांची झोप उडाली होती. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे काय आहे? टेलिग्रामचे ग्रुप, 99 रुपये आणि एक क्यूआर कोड. त्यात परदेशी साइटवरून चोरलेलं असतं, कोणाच्या माजी प्रियकराने सूड म्हणून टाकलेलं असतं, लॉजच्या खोलीत लपवलेल्या कॅमेऱ्याचं असतं. सगळं एकाच भावाने. ज्या बाईचा व्हिडिओ आहे तिला त्यातले शून्य रुपये.

आणि कायदा? आयटी कायद्याच्या कलम 67अ मध्ये उघड लैंगिक मजकूर ऑनलाइन पसरवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड आहे. पण हिची संमती होती की नव्हती, हा प्रश्नच त्या कलमात नाही. स्वतःचा व्हिडिओ विकणारी आणि दुसरीचा चोरून विकणारा, दोघं एकाच कलमाखाली. म्हणून जिचा माल चोरीला जातो ती पोलिस स्टेशनची पायरी चढत नाही, आणि चोराला हे पक्कं माहीत असतं. त्याचा भाव 99 वर टिकतो तो या भीतीवर. संमती नसलेल्या व्हिडिओसाठी वेगळं, कडक कलम हवं आणि तक्रार करणारीला संरक्षण हवं, ही माझी मागणी आहे.

तोवर हातात जे आहे ते वापरा. परवानगीशिवाय कोणाच्या खाजगी अवयवांचं चित्रण करणं किंवा पसरवणं कलम 66ई खाली गुन्हा आहे. 'स्टॉपएनसीआयआय' या साइटवर व्हिडिओ अपलोड न करता फक्त त्याचा डिजिटल ठसा देऊन तो तिच्याशी जोडलेल्या मोठ्या प्लॅटफॉर्मवर रोखता येतो. केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिलांच्या अशा तक्रारी नाव न सांगताही करता येतात. आणि तक्रारीसोबत त्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट नक्की जोडा. ग्रुपच्या अॅडमिनचं नाव खोटं असेल, फोटो खोटा असेल, पण त्या कोडमागे एक बँक खातं असतं, आणि खातं कोणाच्या तरी नावावर उघडलेलं असतं.