घड्याळाखाली जरा जास्त थांबा

प्रागवरचा तुमचा लेख आवडला, पण तिथल्या खगोलीय घड्याळाला ‘दर तासाला मिनिटभराचा बाहुल्यांचा खेळ, बाकी काही नाही’ म्हणून निकालात काढलंत, ते पटलं नाही. खेळ संपला की गर्दी पांगते, खरी गंमत त्यानंतर! १४१० सालचं हे यंत्र सूर्य-चंद्र कोणत्या राशीत आहेत ते दाखवतं. बाहेरच्या कड्यावरचे २४ आकडे जुन्या बोहेमियन (म्हणजे चेक) तासांचे, आणि ते मोजायचे सूर्यास्तापासून. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, यांचा दिवस मावळतीला. सूर्यास्त रोज सरकतो म्हणून ते कडंही वर्षभर मागेपुढे सरकतं. आम्ही मायलेकी अर्धा तास माना वर करून उभ्या होतो, आई तर राशी ओळखण्यातच रमली.

तिथेच पायाखालीही बघा. फरसबंदीत २७ पांढरे क्रूस आहेत, १६२१ मध्ये याच चौकात हॅब्सबर्ग राजघराण्याविरुद्धच्या बंडाच्या २७ पुढाऱ्यांना मृत्युदंड दिला, त्यांच्या आठवणीचे. बहुतेक लोक त्यांवरूनच चालत जातात.

प्रागच्या चार्ल्स पुलावर पहाटेच जा, हे तुमचं म्हणणं मात्र अगदी खरं. दहानंतर नुसती दादरच्या पुलाची आठवण येते.