मानीव परवानगीचे १०९ दिवस

३० सप्टेंबर २०२४ ला माझं, नवऱ्याचं आणि मुलीचं जर्मनीतलं रेसिडेन्स कार्ड संपलं. नवीन कार्ड हातात पडलं १७ जानेवारी २०२५ ला. मधले १०९ दिवस आम्ही या देशात पूर्णपणे कायदेशीर राहत होतो. आणि त्यातले पहिले ५० दिवस आमच्याकडे ते दाखवणारा एकही सरकारी कागद नव्हता.

तेव्हा लिहायला बसले असते तर नुसता संताप उतरला असता. संताप अजूनही आहे, पण नेमकं काय चुकतंय हे आता मला सांगता येईल असं वाटतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण हे ऐकल्यावर पहिला प्रश्न हाच येतो. आम्ही उशीर केला नव्हता. अर्ज ८ जुलैला ऑनलाइन भरला, मुदत संपायच्या बारा आठवडे आधी. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, कंपनीचं पत्र, आरोग्य विम्याचा दाखला, घराचा भाडेकरार, पत्त्याच्या नोंदणीचा कागद, तिघांचे पासपोर्ट, सगळं स्कॅन करून, फाइलचा आकार बसेपर्यंत कमी करून. पाचव्या मिनिटाला आपोआप आलेली ईमेल आली: तुमचा अर्ज मिळाला आहे, चौकशीसाठी पुन्हा संपर्क करू नये, त्याने कामाला विलंब होतो. त्यानंतर शांतता. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. जर्मनीच्या परदेशी नागरिकांच्या निवास कायद्यात कलम ८१ आहे. त्याच्या चौथ्या उपकलमात म्हटलंय की मुदत संपण्याआधी वाढीचा अर्ज केला असेल, तर जुना परवाना निर्णय होईपर्यंत चालू आहे असं धरलं जाईल. राहण्याचा हक्क चालू, आणि जुन्या कार्डावर काम करण्याची परवानगी असेल तर तीही चालू. याचा दाखला म्हणून जो कागद मिळतो त्याचं नाव फिक्सिऑन्सबेशायनिगुंग. नावातच ‘फिक्शन’ आहे, म्हणून आपल्या लोकांना ते काहीतरी तात्पुरतं, कच्चं, अर्धवट वाटतं. तसं ते अजिबात नाही. आपल्या सरकारी मराठीत यासाठी एक चांगला शब्द आहे: मानीव. प्रत्यक्षात कागद झालेला नाही, पण कायद्याने तो झाला असं मानायचं. मानलं की ते सगळ्यांना बंधनकारक.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हा हक्क अर्ज वेळेत पोचल्याने मिळतो. कागद फक्त त्या हक्काची साक्ष देतो. कागद नाही म्हणून हक्क नाही, असं होत नाही.

हे मला आज पाठ आहे. ३० सप्टेंबरला माहीत नव्हतं. आणि आमच्या कंपनीच्या एचआरलाही माहीत नव्हतं.

१ ऑक्टोबरला सकाळी मला सांगण्यात आलं की नवीन परवाना दाखवेपर्यंत कामावर येता येणार नाही. बोलणारी मुलगी वाईट नव्हती. तिचा आवाज कापत होता. इथल्या कायद्याने कर्मचाऱ्याचा परवाना तपासणं आणि त्याची प्रत जपून ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि परवाना नसलेल्या माणसाला कामावर ठेवलं तर कंपनीला दंड होऊ शकतो. तिच्यासमोर होतं एक कार्ड, त्यावर कालची तारीख, आणि माझ्या हातात एक आपोआप आलेली ईमेल. तिने सुरक्षित वाटलं ते केलं. माझे ११ कामाचे दिवस बिनपगारी गेले.

शेवटी एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी एका पानाचं पत्र लिहून दिलं: कलम ८१ उपकलम ४, अर्जाची तारीख, पोच, आणि त्यावरून कामाचा हक्क चालू आहे हे एक वाक्य. एचआरने ते त्यांच्या कायदा विभागाला दाखवलं आणि १७ ऑक्टोबरला मी परत जागेवर बसले. सहकाऱ्यांनी विचारलं, सुट्टी कशी गेली? मी म्हटलं, छान. खरं सांगायची लाज वाटली. ती लाज का वाटावी, याचा मी नंतर खूप विचार केला. मी काहीही चुकवलं नव्हतं. पण तारीख संपलेलं कार्ड हातात असलं की माणूस आपोआप गुन्हेगारासारखा बोलायला लागतो. ‘सॉरी’ने वाक्य सुरू करतो.

माझं एक वेळ ठीक. मला जास्त लागलं ते मुलीचं.

ती तेव्हा सातवीत होती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्गाची पाच दिवसांची सहल नेदरलँड्सला जाणार होती. सीमेपलीकडे जायचं म्हणून शाळेने पासपोर्ट आणि परवान्याच्या प्रती मागितल्या. युरोपीय संघातल्या शाळांच्या सहलींसाठी, ज्यांच्याकडे युरोपीय पासपोर्ट नाही अशा मुलांची एक यादी करायची पद्धत आहे. ती यादी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने मंजूर केली की मुलांना जाता येतं. बाईंनी मनापासून प्रयत्न केला, दोनदा लिहिलं. पण मंजूर करायचं होतं त्याच कार्यालयाने, जिथे आमचा अर्ज जुलैपासून पडून होता. उत्तर आलं नाही. माझी मुलगी ते पाच दिवस सहावीच्या वर्गात बसून आली. घरी आल्यावर तिने एकच विचारलं, “आपण फॉर्म चुकीचा भरला होता का?”

मी तिला काय सांगणार होते? फॉर्म बरोबर भरला होता, बाळा. वेळेत भरला होता.

म्हणून मला जे म्हणायचंय ते हे. कार्यालयांत माणसं कमी आहेत, अर्ज खूप आहेत, हे मला मान्य आहे. ज्या बाईंनी शेवटी आमची फाइल उघडली त्यांनी अतिशय आपुलकीने वागवलं, आणि त्यांच्या टेबलावरचा ढीग मी डोळ्यांनी पाहिला. निर्णयाला सहा महिने लागणार असतील तर लागू देत. पण ज्या दिवशी अर्ज पोचतो, त्याच दिवशी तो दाखल्याचा कागद आपोआप का निघू नये? त्यासाठी कोणाला काही ठरवायचं नसतं. अर्जाची तारीख मुदतीच्या आत आहे का, एवढंच बघायचं, आणि ते संगणकाला कळतं. उशीर कार्यालयाचा, पण त्याची किंमत पगार, नोकरी आणि मुलांच्या सहलींतून अर्जदार भरतो. जो उशीर करतो त्याला त्या उशिराची झळच लागत नसेल, तर तो कमी होणार कसा?

हे अशक्य नाही, कारण काही ठिकाणी ते होतं. ऑस्ट्रेलियात देशातूनच नव्या व्हिसाचा अर्ज केला की बहुतेकांना ब्रिजिंग व्हिसा मिळतो, म्हणजे जुना संपल्यावर आणि नवा येईपर्यंतचा पूल. त्याला स्वतःचं नाव आहे, पत्र आहे, आणि मालकाला व्हेवो नावाच्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेत ते स्वतः तपासता येतं. ब्रिटनमध्ये १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम ३सी हेच काम करतं, आणि कर्मचाऱ्याचा अर्ज प्रलंबित असेल तर मालक सरकारच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसला विचारू शकतो. तिथून होकार आला की मालक सहा महिने निर्धास्त. कॅनडात या स्थितीला ‘मेंटेन्ड स्टेटस’ म्हणतात. अमेरिकेत त्याच मालकाकडच्या नोकरीसाठी मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला असेल तर काही प्रकारच्या वर्क व्हिसांवर, एच-१बी धरून, २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं. जपानमध्ये मुदतीनंतर जास्तीत जास्त दोन महिने मिळतात.

म्हणजे हा मधला काळ या सगळ्या देशांना माहीत आहे. आपला अर्ज वेळेत निकालात निघणार नाही, हे कायदे करणाऱ्यांनी आधीच गृहीत धरलेलं आहे. फरक एवढाच की तो हक्क तिसऱ्या माणसाला दिसेल याची सोय कोणी केली आणि कोणी केली नाही. आमच्या एचआरच्या त्या मुलीला एखाद्या ठिकाणी विचारून दहा मिनिटांत खात्री करता आली असती, तर तिनेही मला घरी पाठवलं नसतं.

आता थोडं आपल्या माणसांशी बोलायचंय. ग्रुपवर जे सल्ले फिरतात त्यांनी लोकांचं खरोखर नुकसान होतंय. सगळ्यात घातक म्हणजे “अपॉइंटमेंट घेतली ना? मग झालं.” नाही झालं. अपॉइंटमेंट मागणं आणि अर्ज करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने अपॉइंटमेंटचा स्क्रीनशॉट जपून ठेवला आणि अर्ज मात्र कार्ड संपल्यावर तीन दिवसांनी भरला. त्या तीन दिवसांमुळे मानीव परवानगी आपोआप लागू होत नाही. फार मोठा अन्याय होत असेल तर कार्यालय ती देऊ शकतं, पण ते त्यांच्या हातात जातं. तो मुलगा पुढचे कित्येक आठवडे झोपला नाही. अपॉइंटमेंटची तारीख मिळत नसेल तर ईमेलने, पोस्टाने, जमेल त्या मार्गाने अर्ज मुदतीच्या आत पोचवा आणि पोचल्याचा पुरावा ठेवा. रजिस्टर पोस्टाची पावती, ईमेलची पोच, जे असेल ते.

दुसरा सल्ला आई-वडिलांबद्दलचा. ते शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या थोड्या दिवसांच्या भेटीच्या व्हिसावर आलेत, मुदत संपत आलीय, तर “इथेच अर्ज टाकून ठेवा, निर्णयापर्यंत राहता येतं.” चौथ्या उपकलमातच लिहिलंय की शेंगेन व्हिसाला हे लागू नाही. तिथे १८० दिवसांतले ९० दिवस म्हणजे ९० दिवस. वयस्कर माणसांना एका चुकीच्या फॉरवर्डमुळे पुढच्या व्हिसाची भीती बाळगायला लावू नका.

आणि प्रवास. जर्मनीच्या दाखल्याच्या त्या घडी घातलेल्या कागदावर तीन चौकटी असतात. परवाना चालू असल्याचं मानलं जाईल, या तिसऱ्या चौकटीत खूण असेल तर देशाबाहेर जाऊन परत येता येतं. पहिल्या चौकटीत असेल तर बाहेर गेलात की त्या कागदावर परत येता येत नाही. तिकीट काढण्याआधी चौकट बघा, आणि जुनं कार्ड फेकू नका, ते पासपोर्टसोबत ठेवा. दुसऱ्या देशांचे नियम आणखी वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर गेलात तर तो अर्जच मागे घेतला असं धरलं जातं. ऑस्ट्रेलियात बाहेर जाऊन परत यायला वेगळा ब्रिजिंग व्हिसा बी लागतो. एका देशातल्या भावाचा अनुभव दुसऱ्या देशातल्या बहिणीला चालत नाही.

आमचं कसं सुटलं ते सांगते. जर्मनीच्या प्रशासकीय न्यायालयांच्या कायद्यात कलम ७५ आहे. पुरेसं कारण नसताना तीन महिने अर्जावर निर्णय झाला नाही, तर कार्यालयाच्या निष्क्रियतेविरुद्ध कोर्टात जाता येतं. ८ ऑक्टोबरला आमचे तीन महिने झाले. ११ तारखेला वकीलबाईंनी कार्यालयाला एक सभ्य, छोटं पत्र पाठवलं: दाखला द्यावा, निर्णय द्यावा, नाहीतर या कलमाचा विचार करावा लागेल. १९ नोव्हेंबरला दाखला मिळाला, त्याचे १३ युरो. पत्रामुळे मिळाला की आमची पाळीच आली होती, हे मी सांगू शकत नाही. पण त्या पत्रानंतर माझ्या बोलण्यातला ‘सॉरी’ गेला, हे नक्की. मुदतवाढीचे ९३ युरो भरले, बोटांचे ठसे दिले, आणि जानेवारीत कार्ड आलं.

तुमच्यातलं कोणी परदेशात एचआरमध्ये, बँकेत किंवा घरं भाड्याने देणाऱ्या कंपनीत काम करत असेल, तर एवढं करा: समोरच्याच्या कार्डावरची तारीख गेलेली दिसली, की आधी विचारा, “वाढीचा अर्ज केव्हा केला होता?” मगच पुढचं बोला.

एचआरला द्यायच्या पत्राचा आणि कार्यालयाला पाठवायच्या पत्राचा मसुदा जर्मनमध्ये माझ्याकडे आहे. वकीलबाईंनी इतरांना द्यायला परवानगी दिली आहे. ज्याची तारीख जवळ आलीय त्याने मला मेसेज करा, रात्री मुलगी झोपल्यावर पाठवते.