गुळगुळीत डावा हात

दाढीची पाती महाग झाली म्हणून वस्तऱ्याकडे वळलेल्या माणसाला पहिल्यांदा कळतं ते हे, की पाती स्वस्त होती. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, यातली कोंबडी मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली: काळ्या मुठीचा, पात्यावर ‘सोलिंगेन’ कोरलेला जर्मन वस्तरा. मसाला अजून चालूच आहे.

धार अर्थातच नव्हती. हिने सुचवलं, “तो सायकलवर चाक फिरवत येतो ना, त्याला द्या.” मी वस्तरा छातीशी धरला. त्या चाकावर पोलाद तापतं आणि त्याचं पाणी उतरतं, एवढं वाचून झालं होतं. म्हणून गेलो नेहमीच्या सलूनमध्ये. कारागिराने वस्तरा कौतुकाने उलटसुलट केला, शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकालाही दाखवला. “आमच्या आजोबांच्या धोकटीत असायचा असला,” म्हणाला आणि एक ब्लेड कागदासकट मधोमध मोडून अर्धं स्वतःच्या वस्तऱ्यात सरकवलं. एड्सची भीती पसरली तेव्हापासून माणशी नवं अर्धं ब्लेड. दगडाशी त्याचा संबंधच उरलेला नाही.

मग घरात दगड आले. हजार नंबरचा, चार हजारचा, आठ हजारचा. नंबर वाढतो तसा दगड मुलायम होतो आणि किंमत खरखरीत. हजारचा आधी पाण्यात भिजवावा लागतो. ओट्यावर मटकीशेजारी ठेवला होता, तर हिने विचारलं, “याला मोड किती दिवसांनी येतात?”

युक्ती तशी साधी आहे. वस्तऱ्याची पाठ जाड असते ती उगाच नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवली की कोन आपोआप साधतो. दगडावर धार पुढे, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. पट्ट्याच्या टोकाशी पातं पाठीवरूनच पालटायचं. धारेवरून पालटलं की पट्टा चिरला, आणि नवा पट्टाही मसाल्यातच धरायचा. किंग जिलेट या अमेरिकन गृहस्थाने 1904 साली फेकून द्यायच्या पात्यांच्या रेझरचं पेटंट मिळवलं. का मिळवलं असेल, हे दगडासमोर तासभर वाकून उभं राहिल्यावर पाठच सांगते.

धार आली की नाही हे बघायचं मनगटावरच्या केसांवर. केस नुसते वाकले तर परत दगड, टचकन उडाले तर पट्टा. पण आठ हजारवर फिरवून झाल्यावर पुन्हा खात्री करावीशी वाटते, पट्ट्यानंतर आणखी एकदा. त्यामुळे चेहऱ्यावर दाढीचं रान आणि डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत, अशा अवस्थेत मी काही काळ ऑफिसला जात होतो. एका सहकाऱ्याने हळूच विचारलं, “सलाईन लावलं होतं का?”

प्रत्यक्ष दाढीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कातडी ताणायची, पातं तीसेक अंशांत धरायचं, केसांच्या दिशेने उतरायचं. गालावर माणूस शूर असतो, हनुवटीशी आल्यावर त्याला कुलदैवत आठवतं. नंतर तुरटी फिरवली की कुठे किती लागलं याचा तपशीलवार हिशेब चुरचुरत मिळतो. या वेळात मला कोणी हाक मारायची नाही, असा घरात नियम आहे. आई तो पाळते, पण शांतता फार लांबली की दाराबाहेरून विचारते, “अरे, आहेस ना?” तेवढ्यानेही हात हलतो.

दाढी मी अजून फक्त सुट्टीच्या दिवशी वस्तऱ्याने करतो. एरवी तेच महागडं पातं. दगड मात्र रोज भिजतात. घरातल्या सुऱ्या संपल्या, शेजारच्या वहिनींच्या कात्र्या झाल्या. परवा हिने विळी पुढे केली. मी ती आठ हजारपर्यंत नेऊन परत दिली. हिने तिच्यावर एक टोमॅटो धरला, लगेच उठली आणि म्हणाली, “या विळीवर मी बसायची नाही.” तेव्हापासून भाजी मी चिरतो.