पिवळा दिवा लागला म्हणून स्टीअरिंग अँगल सेन्सर बदलू नका

गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरतो: ‘घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा विझत नसेल तर स्टीअरिंग अँगल सेन्सर गेला समजा. बॅटरी दहा मिनिटं काढून ठेवा. तरीही दिवा राहिला तर सेन्सर बदला. तोवर गाडी बिनधास्त चालवा.’ यातलं एकही वाक्य सरसकट खरं नाही, आणि ते ऐकून लोक चांगले सेन्सर फेकून देतात.

स्टीअरिंग अँगल सेन्सर म्हणजे स्टीअरिंग किती वळलं ते मोजणारा सेन्सर. पण तो दिवा या सेन्सरचा नाही, ईएससीचा, म्हणजे घसरणारी गाडी सावरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा आहे. स्टीअरिंग किती वळलं, गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, चाकं किती वेगानं फिरताहेत, हे ईएससी एकमेकांशी ताडून बघते. हिशेब जुळला नाही की दिवा लागतो. चूक मग चाकाच्या स्पीड सेन्सरची असेल, गाडी किती वळतेय ते मोजणाऱ्या यॉ सेन्सरची, ब्रेक पेडलच्या स्विचची किंवा मान टाकलेल्या बॅटरीची.

म्हणून आधी गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. यू०१२६ हा कोड आला म्हणजे सेन्सरशी संपर्क तुटलाय, एवढंच कळतं. अशा वेळी फ्यूज, कनेक्टर, वायरिंग आधी बघायचं. सोबत एअरबॅगचा दिवा लागला असेल आणि हॉर्न किंवा स्टीअरिंगवरची बटणं बंद असतील, तर संशय क्लॉक स्प्रिंगवर, म्हणजे स्टीअरिंग व्हीलमागच्या, व्हीलबरोबर फिरणाऱ्या वायरच्या जोडणीवर जातो.

खरी परीक्षा लाइव्ह डेटात, म्हणजे सेन्सर त्या क्षणी मोजतोय तो आकडा स्कॅनरवर बघताना होते, आणि तीच बहुतेक जण टाळतात. चाकं सरळ ठेवून स्टीअरिंगच्या कोनाचा आकडा बघा, तो शून्याच्या आसपास हवा. मग स्टीअरिंग सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. आकडा सलग वाढत ३६० अंशांजवळ पोचला पाहिजे. मध्येच उडी मारली, गोठला किंवा परत सरळ केल्यावर शून्यावर आला नाही, तर सेन्सरवर बोट ठेवायला आधार आहे. फेरा बरोबर मोजतोय, पण सरळ रस्त्यावरही ८ अंश दाखवतोय? मग सेन्सर धडधाकट आहे. व्हील अलाइनमेंट करताना स्टीअरिंग वाकडं राहिलं असेल किंवा शून्य सेट करायचं राहिलं असेल. अलाइनमेंट करून आणल्यावर दिवा लागला, तर मी सगळ्यात आधी हेच तपासतो.

बॅटरी काढण्याचा उपाय तर काही गाड्यांत उलटाच पडतो. सेन्सर आपलं शून्य विसरतो आणि नसलेला दिवा लागतो. तिथे स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून किंवा थोडं सरळ चालवून तो दिवा जातो. त्यावरूनच हा उपाय ‘रामबाण’ ठरला असावा. बाकी गाड्यांत शून्य स्कॅनरनंच सेट करावं लागतं.

नवा सेन्सर बसवला तरी हे कॅलिब्रेशन, म्हणजे शून्य सेट करणं, टळत नाही. बऱ्याच गाड्यांत तो स्टीअरिंग व्हीलच्या मागे असतो, म्हणजे एअरबॅग उतरवावी लागते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून कंपनीनं सांगितलेली मिनिटं थांबल्याशिवाय एअरबॅगला हात लावू नये. घरी यूट्यूब बघून करण्याचं हे काम नव्हे.

राहिलं ‘बिनधास्त चालवा’. साधे ब्रेक लागतात, हे खरं. पण दिवा असेपर्यंत ईएससी बंद असू शकते, आणि पावसात घाटातल्या वळणावर गाडी घसरली तर सावरणारी यंत्रणा तीच. एबीएसचा (जोरात ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही लागला असेल किंवा स्टीअरिंग जड झालं असेल, तर गाडी थेट गॅरेजला न्या.