आवाज कोणाला हाक मारतोय?

शनिवारी रात्री शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वाद पेटला तो माझ्यामुळे. आल्या आल्या मी बोललो की आमच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याने डोकं उठवलंय, नवराबायको दोघं सकाळी साडेआठला कामाला जातात आणि दार बंद झालं की तो लॅब्राडोर जो सुरू होतो तो बाराएक वाजेपर्यंत, माझं वर्क फ्रॉम होम, मीटिंगमध्ये सारखं म्यूट-अनम्यूट, म्यूट-अनम्यूट. यावर बाळ्या लगेच, "अरे पण तुमच्याच मागच्या आंब्यावर कोकीळ पहाटे चारपासून कोकलतो त्याचा व्हिडिओ काढून तू स्टेटसला ठेवतोस. तो काय हळू ओरडतो?"

आता हे खरंच होतं. मे महिन्यात तो कोकीळ माझ्या खिडकीपासून दहा फुटांवर बसतो, प्रत्येक कुहू आधीच्यापेक्षा एक पायरी वर, शेवटी गळा फाटेल असं वाटतं, आणि मी अर्धवट झोपेत खूश असतो. का, ते मला सांगता येईना.

मास्तर (आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, रिटायर झाले तरी सुटलेले नाहीत) म्हणाले, आधी एक नीट करा, कुहू करतो तो नर. मादी ठिपक्याठिपक्यांची असते, ती किक् किक् किक् असं ओरडते आणि तिचा आवाज कोणी स्टेटसला ठेवत नाही. अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. म्हणजे जो परक्याचं पोर चोचीने भरवून वाढवतो त्याला आपण हुसकावतो, पितृपक्षाचे पंधरा दिवस सोडून, आणि पोर टाकून जाणाऱ्याचं कौतुक.

मास्तरांच्या मते सगळा कानाचा खेळ. माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. २०१२ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या लोकांनी माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून ७४ आवाज ऐकवले, त्यात बाटलीवर सुरी घासल्याचा आवाज सगळ्यात नकोसा ठरला, नकोसे आवाज बहुतेक याच पट्ट्यातले निघाले आणि ते ऐकताना मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीती वगैरे जिथे उमटते तो भाग, कानाकडच्या भागाला अजून तिखट करतो असं त्यांना दिसलं. हे ऐकून सगळे गप्प.

पण मला पटेना. मी म्हटलं मास्तर, पावसाळ्यात आरेत संध्याकाळी गाडी बंद करून उभं राहा, रातकिडे अख्खं जंगल भरून किर्र करत असतात, तो आवाज किती हर्ट्झचा? मास्तर जरा थांबले मग म्हणाले, चार-पाच हजार. म्हणजे बरोब्बर त्याच पट्ट्यातला! आणि तिथे लोक मुद्दाम जातात, डोकं शांत होतं म्हणतात. मास्तरांनी मान्य केलं की नुसत्या हर्ट्झने भागत नाही, रातकिडा एकसारखा वाजत राहतो, दचकवत नाही, कुत्रा पुढच्या मिनिटाला भुंकेल की नाही हे कळत नाही आणि तीच वाट बघण्यात माणूस दमतो.

बाळ्याचं म्हणणं वेगळंच. त्याला मागच्या वर्षी वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात घर मिळालं, १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० च्या फ्लॅटमध्ये, तोही ४० मजली टॉवरमध्ये पार वरती. तिथे ना मांजर ना कोकीळ, वारा आणि दुपारी घारीची शीळ तेवढी. तो म्हणाला, "चाळीत मांजरं दारात भांडायची ना, कोणीतरी उठून तांब्याभर पाणी ओतायचं, विषय संपला. आवाज तेवढाच, पण आपल्या हातात होतं. तू त्या कुत्र्याचं काय करू शकतोस? काय नाय. म्हणून तुझी तडफड." आणि यालाही आधार आहे, मास्तरांनीच दिला. १९७० च्या आसपास अमेरिकेत ग्लास आणि सिंगर नावाच्या दोघांनी लोकांना काम करायला बसवून मध्येच कर्कश आवाज ऐकवले. काहींना एक बटण दिलं, फारच झालं तर दाबा, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलंच नाही, पण नंतर अवघड कोडी सोडवायला दिली तेव्हा बटणवाले जास्त वेळ टिकले. नुसतं बटण आहे एवढ्यानेच फरक पडला.

मला बाळ्याचं बरंचसं पटलं, पूर्ण नाही. कोकिळाचं बटण तरी कुठे आहे माझ्याकडे?

"त्याचा मालक नाय म्हणून," दादूस म्हणाला. दादूस माहीम कोळीवाड्यातला, त्याच्या दारात तीन कोंबडे आहेत, आणि मागच्या टॉवरमधला एक गृहस्थ दर आठवड्याला तक्रार घेऊन येतो. त्याचं म्हणणं, माणसाला आवाजाचा राग येत नाही, आवाजामागच्या माणसाचा येतो. समोर कोणीतरी आहे ज्याला बोलता येतं, म्हणून बोलायचं. तांबट पक्ष्याचं बघा, मास्तर मध्येच म्हणाले, नावच तांबटाचं, पत्र्यावर हातोडा मारावा तसं टुक टुक टुक टुक तासभर चालतं, शेजाऱ्याने खरोखर तांब्याचं भांडं असं ठोकलं असतं तर आपण वर जाऊन दार वाजवलं असतं, पक्षी ठोकतो तर दुर्बीण घेऊन बघतो.

मग मी दादूसला फ्रान्सच्या कोंबड्याची गोष्ट सांगितली. ओलेरॉन नावाच्या बेटावर सुट्टीपुरते येणाऱ्या शेजाऱ्यांनी मॉरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध केस केली, २०१९ मध्ये कोर्टाने मॉरिसच्या बाजूने निकाल दिला आणि २०२१ मध्ये तिथे कायदाच झाला की गावाकडचे आवाज आणि वास हा गावाचा वारसा आहे. दादूसने मला हे दोनदा सांगायला लावलं. तो म्हणाला, आम्ही इथे टॉवरच्या आधीपासून आहोत, कोंबडा पण. आणि तो काय मुद्दाम आरवतो का? मुद्दाम नाहीच. जपानमध्ये नागोया विद्यापीठात २०१३ साली कोंबडे दिवसरात्र एकसारख्या अंधूक उजेडात ठेवून बघितले, तरी सुरुवातीला बरेच दिवस ते आपल्या वेळेला आरवतच राहिले. त्याच्या आतच घड्याळ आहे.

इतका वेळ छाया गप्प होती. तिचं बाळ पाच महिन्यांचं, आज सासूबाईंनी तासभर सांभाळलं म्हणून आलेली. ती म्हणाली, "मला एक सांगायचंय. आमच्या गल्लीत मांजरं रात्री रडतात, माजावर आली की. आधी मी उशी कानावर घेऊन झोपायचे. आता बाळ शेजारी गाढ झोपलेलं दिसत असतं, तरी मांजर रडलं की मी उठून बसते, दूध येतं मला. आवाज तोच आहे रे."

ती हे बोलली आणि मला माझं उत्तर तिथे मिळालं. मला वाटतं आवाज किती मोठा, किती हर्ट्झचा, मालक आहे की नाही हे सगळं नंतरचं. आधी शरीर हे बघतं की हा आवाज मला हाक मारतोय का. कोकीळ मादीला बोलावतोय, माझं तिथे काही काम नाही, म्हणून मी निवांत ऐकू शकतो. रातकिड्याचंही तेच. मांजराचं रडणं बाळासारखं, म्हणजे थेट आपल्याला बोलावणं. आणि जिथे हाक नसते तिथे आपण ती लावली की तोही आवाज सोसत नाही. पाल केवढीशी, तिचा आवाज केवढासा, पण चुकचुकली की आमची आजी बोलता बोलता थांबायची, बोटाने जमिनीवर टकटक करून कृष्ण कृष्ण म्हणायची. टिटवी ओरडली, कुत्रं रडलं की घरातली म्हातारी माणसं अस्वस्थ, कारण त्यांच्या लेखी तो निरोप असतो, आपल्या घरासाठी.

मास्तर म्हणाले मग कबुतर? कबुतर तर कोणालाच काही म्हणत नाही. यावर बाळ्याच बोलला, त्याची आई घुं घुं ऐकत दुपारी पडायची, पण २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्याचा वाद झाला, विष्ठेने फुफ्फुसं बिघडतात हे घराघरात पोचलं, आणि तेव्हापासून तोच घुं घुं ऐकला की ती खिडकी लावायला उठते. म्हणजे त्या आवाजातही आता तिला काहीतरी सांगितलं जातंय. मास्तरांचं समाधान झालं नाही, पण त्यांनी सोडून दिलं.

निघताना छायाने चप्पल घालता घालता विचारलं, "मग तो तिसऱ्या मजल्यावरचा कोणाला हाक मारतोय?"

रविवारभर ते डोक्यात राहिलं. सोमवारी संध्याकाळी बेल वाजवली. भांडायला आलोय असं वाटून ते दोघं दारातच सॉरी सॉरी करायला लागले. कुत्र्याचं नाव बंटी, नऊ वर्षांचा. दिवसभर आजी असायच्या त्याच्याबरोबर, मार्चमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या मुलीकडे रत्नागिरीला गेल्या. भुंकणं मार्चपासूनचंच, हे मला तेव्हा लक्षात आलं. दाराच्या आतल्या बाजूला, मूठ असते त्याच्या खाली, लाकूड खरवडून खरवडून पांढरं पडलेलं होतं.

आता त्यांची एक चावी माझ्याकडे असते. दहा वाजता लॅपटॉप घेऊन वर जातो, आजींच्या खुर्चीत बसतो, बंटी पायावर डोकं टाकून झोपतो आणि घोरतो, चांगला मोठ्याने घोरतो. बुधवारी मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं हा घरघर आवाज कुठून येतोय. मी सांगितलं माझ्याकडून येतोय, आणि म्यूट केलं नाही.